सागरी वायुवाहिन्यांतील गॅस हायड्रेट : निर्मितीची कारणे आणि प्रयोगशाळेतील अभ्यास-उपकरणे

प्रस्तावना :

१९७४ मध्ये मुंबई हाय क्षेत्रात तेलाचा शोध लागला आणि १९७६ पासून तेथे प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील या क्षेत्रातून निघणारे तेल व वायू समुद्रतळावर अंथरलेल्या वाहिन्यांतून उरणला येतात. वसई क्षेत्रातील वायू अशाच सागरी वाहिनीतून गुजरातमधील हाजिरा येथे पोहोचतो. उरण आणि हाजिरा या दोन्ही ठिकाणी या वायूपासून स्वयंपाकाचा गॅस वेगळा केला जातो. आपले दोंडाईचा ज्या सुरत-भुसावळ लोहमार्गावर वसले आहे, त्याच्या पश्चिम टोकापासून हाजिरा अगदी जवळ आहे. समुद्रापासून दूर असलेल्या खानदेशातील वाचकालाही हा विषय परका वाटू नये, एवढ्यासाठी हा उल्लेख.

समुद्राखालच्या वाहिनीला अनेक धोके असतात. गंज, गळती व जहाजांच्या नांगरांचा मार हे धोके सहज लक्षात येतात. मात्र एक धोका वाहिनीच्या आतच तयार होतो. वायू आणि पाणी उच्च दाबाखाली व कमी तापमानात एकत्र आले की त्यांपासून बर्फासारखा दिसणारा घन पदार्थ तयार होतो. यालाच गॅस हायड्रेट म्हणतात. हा पदार्थ साचत गेल्यास संपूर्ण वाहिनी बंद पडू शकते. समुद्रतळावरील पोलादी नळीत काय चालले आहे, हे डोळ्यांनी पाहता येत नाही. म्हणून या प्रक्रियेचा अभ्यास प्रयोगशाळेतील खास उपकरणांच्या साहाय्याने करावा लागतो. सदर उपकरणांची रचना, त्यांचे कार्य आणि त्यांच्या मर्यादा यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

उद्दिष्टे :

१. गॅस हायड्रेटची रचना व वाहिनीतील निर्मितीची कारणे स्पष्ट करणे.
२. हायड्रेटच्या अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमुख उपकरणांचे कार्य समजावून सांगणे.
३. प्रत्येक उपकरण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते व कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हे दाखविणे.
४. ग्रामीण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत या विषयाचा अभ्यास कितपत शक्य आहे, याचा विचार करणे.

गॅस हायड्रेटचे स्वरूप :

हायड्रेटचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे. हम्फ्री डेव्ही यांनी क्लोरीन व पाणी यांपासून तयार होणारा घन पदार्थ १८१० च्या सुमारास नोंदविला आणि १८२३ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी त्याचे रासायनिक प्रमाण मांडण्याचा प्रयत्न केला. १८८८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ व्हिलार यांनी मिथेनचे हायड्रेट तयार केले. तथापि शंभर वर्षांहून अधिक काळ हा विषय प्रयोगशाळेतील कुतूहलापुरताच मर्यादित राहिला. १९३४ मध्ये हॅमरश्मिट यांनी अमेरिकेतील वायुवाहिन्या तुंबण्याचे कारण साधा बर्फ नसून हायड्रेट असल्याचे दाखवून दिले. पाण्याच्या गोठणबिंदूपेक्षा अधिक तापमानालाही वाहिन्या का तुंबतात, या कोड्याचा उलगडा त्यामुळे झाला. तेव्हापासून हा विषय उद्योगाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरला.

हायड्रेटमध्ये पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना जोडले जाऊन पिंजरे तयार करतात आणि प्रत्येक पिंजऱ्यात वायूचा एखादा रेणू अडकून राहतो. पाणी व वायू यांच्यात येथे नेहमीच्या अर्थाने रासायनिक बंध नसतो. पाहुण्या रेणूच्या आधाराने पिंजरा टिकून राहतो, इतकेच. मिथेनचे हायड्रेट सहसा पहिल्या प्रकारच्या रचनेत स्फटिकरूप घेते. या रचनेच्या एकक कोशिकेत पाण्याचे ४६ रेणू, २ लहान व ६ मोठे पिंजरे असतात. वायूत प्रोपेन असल्यास दुसऱ्या प्रकारची रचना तयार होते. तिच्यात पाण्याचे १३६ रेणू, १६ लहान व ८ मोठे पिंजरे असतात. नैसर्गिक वायूत प्रोपेन बहुधा असतोच, त्यामुळे वायुवाहिन्यांत सामान्यतः ही दुसरी रचना आढळते.

एक घनमीटर मिथेन हायड्रेट वितळल्यास प्रमाणित दाब व तापमानाला सुमारे १६४ घनमीटर वायू मुक्त होतो. वाहिनीतील हायड्रेटच्या बोळ्याला एकाच जागी घाईने उष्णता देणे धोक्याचे का असते, हे या आकड्यावरून समजते. मुक्त झालेल्या वायूला बाहेर पडण्यास वाट नसेल तर दाब वाढून नळी फुटू शकते. तसेच बोळ्याच्या एकाच बाजूचा दाब कमी केल्यास तो सुटून बंदुकीच्या गोळीप्रमाणे नळीतून वेगाने धावतो. म्हणून अशा वाहिनीचा दाब शक्यतो दोन्ही बाजूंनी सावकाश उतरविला जातो.

वाहिनीत हायड्रेट केव्हा तयार होते?

हायड्रेट तयार होण्यासाठी वायू, पाणी, पुरेसा दाब व पुरेसा गारवा या चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. शुद्ध मिथेनच्या बाबतीत ० अंश सेल्सिअसला सुमारे २.६ मेगापास्कल, ४ अंशांना सुमारे ३.९ मेगापास्कल, १० अंशांना सुमारे ७ मेगापास्कल, तर २० अंशांना सुमारे २० मेगापास्कल दाब लागतो. १ मेगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहापट. तापमान वाढते तसा आवश्यक दाब किती झपाट्याने वाढतो, हे या आकड्यांवरून दिसून येते. वायूत प्रोपेन किंवा हायड्रोजन सल्फाइड असल्यास मात्र हायड्रेट याहून कमी दाबालाच तयार होते. वसई क्षेत्रातील वायूत हायड्रोजन सल्फाइड आहे, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

मुंबई हाय क्षेत्रात समुद्राची खोली सुमारे ७५ ते ८० मीटर आहे. एवढ्या उथळ उष्णकटिबंधीय समुद्राच्या तळाचे तापमान साधारणपणे २० अंशांच्या वर असते. त्यामुळे केवळ समुद्राच्या गारव्याने हायड्रेट तयार होण्याची शक्यता तेथे तुलनेने कमी असते. खरा धोका असतो तो वायूचा दाब एकदम उतरतो त्या जागी, म्हणजे झडपांपाशी व चोकपाशी. अरुंद छिद्रातून वायू प्रसरण पावताना थंड होतो. हा जूल-थॉमसन परिणाम पदवी वर्गात आपण शिकवतोच. नैसर्गिक वायूच्या बाबतीत दर १ मेगापास्कल दाबघटीमागे तापमान साधारणतः ४ ते ५ अंशांनी उतरते. समजा, २५ अंशांचा वायू ९ मेगापास्कलवरून ६ मेगापास्कलवर आला. त्याचे तापमान १२ अंशांच्या आसपास येईल. ६ मेगापास्कल दाबाला शुद्ध मिथेनचे हायड्रेट ८ ते ९ अंशांखालीच तयार होते. मात्र प्रोपेनमिश्रित नैसर्गिक वायू १२ अंशांनाच हायड्रेटच्या क्षेत्रात शिरू शकतो. यास्तव समुद्रातील फलाटांवरच ग्लायकॉलच्या साहाय्याने वायूतील पाण्याची वाफ शोषून घेतात व नंतरच वायू किनाऱ्याकडे धाडतात. पाणीच नसेल तर हायड्रेटही नसते, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

पूर्व किनाऱ्यावरील कृष्णा-गोदावरी खोऱ्यात परिस्थिती वेगळी आहे. तेथील केजी-डी६ क्षेत्रात एप्रिल २००९ मध्ये वायूचे उत्पादन सुरू झाले. याच क्षेत्रातील आर क्लस्टरमधून डिसेंबर २०२० मध्ये २००० मीटरहून अधिक खोलीवरून वायू काढण्यास आरंभ झाला. इतक्या खोल समुद्राच्या तळाशी पाणी बाराही महिने थंड असते आणि विहिरीतून निघालेला ओला वायू फलाटावर पोहोचण्यापूर्वीच या गारव्यातून जातो. अशा ठिकाणी वायू आधी कोरडा करणे शक्य नसल्याने मोनोएथिलीन ग्लायकॉल वाहिनीत सोडून हायड्रेटला अटकाव केला जातो. ते किती सोडावे, हा प्रश्न प्रयोगशाळेकडे येतो.

या प्रश्नाचे प्राथमिक उत्तर हॅमरश्मिट यांच्या सूत्राने मिळते :

तापमानघट = (१२९७ × व) ÷ [र × (१०० − व)]

येथे 'व' म्हणजे पाण्याच्या भागातील प्रतिबंधकाचे वजनी शेकडा प्रमाण आणि 'र' म्हणजे त्याचा रेणुभार. मिथेनॉलचा रेणुभार ३२ आणि ग्लायकॉलचा ६२ आहे. २० टक्के मिथेनॉलने हायड्रेटचे तापमान सुमारे १०.१ अंशांनी, तर तितक्याच ग्लायकॉलने सुमारे ५.२ अंशांनी उतरते. मात्र हे सूत्र अनुभवजन्य आहे. क्षारयुक्त पाणी, प्रतिबंधकाचे मोठे प्रमाण किंवा आम्लधर्मी वायू यांच्या बाबतीत त्यावर सर्वस्वी विसंबून राहता येत नाही. प्रत्यक्ष मोजमापाची गरज भासते ती येथेच.

प्रयोगशाळेतील प्रमुख उपकरणे :

अ) ऑटोक्लेव्ह : ऑटोक्लेव्ह म्हणजे उच्च दाब सहन करणारे, जाड भिंतींचे पोलादी पात्र. रुग्णालयातील निर्जंतुकीकरणाच्या ऑटोक्लेव्हशी त्याचे केवळ नावाचे साम्य आहे. हायड्रेटच्या अभ्यासासाठी काही शे मिलिलिटर ते काही लिटर क्षमतेचे पात्र वापरले जाते. त्याभोवती थंड द्रव खेळविणारे आवरण, आत चुंबकाच्या साहाय्याने फिरणारा ढवळक, तापमानासाठी प्लॅटिनम रोधाचा तापमापी, दाबासाठी संवेदक आणि या सर्वांची सतत नोंद ठेवणारी संगणकीय यंत्रणा असते. काही पात्रांना कृत्रिम नीलमण्याची खिडकी असते. तिच्यातून आतील स्फटिक पाहता येतात.

प्रयोगाची पद्धत अशी असते. पात्रातील हवा निर्वात पंपाने काढून घेतात, पाणी व वायू भरतात आणि पात्र बंद करतात. आकारमान स्थिर ठेवून तापमान सावकाश उतरविले की दाबही सरळ रेषेत सावकाश उतरतो. एका क्षणी दाब एकदम कोसळतो. वायूचे रेणू पिंजऱ्यांत अडकू लागल्याची ती खूण होय. त्यानंतर पात्र टप्प्याटप्प्याने तापवितात. प्रत्येक टप्प्यावर दाब स्थिर होईपर्यंत, कित्येकदा तासन्‌तास, थांबावे लागते. हायड्रेट पूर्ण वितळले की तापविण्याची रेषा थंड करण्याच्या मूळ रेषेला येऊन मिळते. हा मीलनबिंदू म्हणजेच समतोलाचा दाब व तापमान. निर्मितीचा बिंदू समतोल दाखवीत नाही, तो विघटनाच्या बिंदूवरूनच ठरवावा लागतो. याचे कारण असे की पाणी समतोल तापमानाच्या बरेच खाली जाऊनही काही काळ द्रवरूपच राहते.

दाबातील घटीवरून किती वायू अडकला, याचे गणितही करता येते. एक ढोबळ उदाहरण पाहू. पात्रात २०० मिलिलिटर पाणी आहे आणि त्यावर वायूसाठी ३०० मिलिलिटर जागा आहे. तापमान ४ अंश असून दाब ८ वरून ७ मेगापास्कलवर उतरला. मिथेनचा संपीड्यता गुणांक ०.८४ धरल्यास सुमारे ०.१५५ मोल वायू खर्ची पडला. एका मिथेन रेणूमागे पाण्याचे सुमारे सहा रेणू धरल्यास साधारण १७ ग्रॅम, म्हणजे एकूण पाण्याच्या सुमारे ८ टक्के पाण्याचे हायड्रेट झाले. हा गुणांक दाबानुसार बदलतो. त्यामुळे प्रत्यक्ष संशोधनात दोन्ही टोकांची मूल्ये स्वतंत्र घ्यावी लागतात.

ब) रॉकिंग सेल : या उपकरणात लहान आकाराचे अनेक उच्चदाब कोश एकाच थंड द्रवाच्या टाकीत बसविलेले असतात आणि ते पाळण्याप्रमाणे दोन्ही बाजूंना झुलतात. प्रत्येक कोशात एक गोळी असते. कोश कलला की गोळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घरंगळते व आतील द्रव घुसळला जातो. हायड्रेट जमू लागले की गोळीला लागणारा वेळ वाढतो आणि शेवटी ती अडकून पडते. एकाच वेळी अनेक नमुने तपासता येतात, हा या उपकरणाचा मोठा लाभ. अल्प प्रमाणात वापरावयाचे नवे प्रतिबंधक पारखण्यासाठी ते विशेष उपयुक्त ठरते. हे प्रतिबंधक दोन प्रकारचे असतात. काही स्फटिकांची निर्मिती व वाढ लांबवितात, तर काही स्फटिकांना एकमेकांना चिकटू न देता द्रवाबरोबर वाहते ठेवतात.

क) फ्लो लूप : फ्लो लूप म्हणजे बंद वळशाच्या रूपात बसविलेली, पंपाने वाहती ठेवलेली प्रायोगिक वाहिनी. नळीच्या निरनिराळ्या भागांत दाबातील फरक, प्रवाहाचा वेग आणि घनता मोजली जाते. काही ठिकाणी पारदर्शक भागातून कॅमेऱ्याने निरीक्षण करतात. हायड्रेट भिंतीवर थर धरते की कणांच्या रूपात वाहते, कण कोठे गोळा होतात, बंद पडलेला प्रवाह पुन्हा सुरू करताना काय घडते, या प्रश्नांची उत्तरे येथे मिळतात. अमेरिकेतील टल्सा विद्यापीठ, फ्रान्समधील सेंट-एतियन व ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील अशा सुविधा या क्षेत्रात सुपरिचित आहेत. उभारणीचा मोठा खर्च, वायूचा मोठा साठा आणि सुरक्षिततेची कडक व्यवस्था यांमुळे अशी सुविधा मोजक्याच संस्थांना परवडते.

ड) सूक्ष्म निरीक्षणाची उपकरणे : उच्चदाब कॅलरीमापीने अत्यल्प नमुन्यातील उष्णतेची देवघेव मोजून हायड्रेटचे वितळणे टिपता येते. रामन वर्णपटमापीने कोणत्या पिंजऱ्यात कोणता वायू आहे, हे ओळखता येते. हायड्रेटचे दोन कण एकमेकांना चिकटविणारे बल मोजण्याचे उपकरणही विकसित झाले असून त्या कामात अमेरिकेतील कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सचा वाटा मोठा आहे.

आपल्या राज्यात पनवेल येथे ओएनजीसीची अभियांत्रिकी व सागरी तंत्रज्ञान संस्था असून गॅस हायड्रेट संशोधन व तंत्रज्ञान केंद्रही तेथेच आहे. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने समुद्रतळाखालील नैसर्गिक हायड्रेटच्या साठ्यांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. तो विषय वाहिन्यांच्या विषयापासून वेगळा असला तरी दोहोंमागील भौतिक रसायनशास्त्र एकच आहे.

उपकरणांच्या मर्यादा :

वरील उपकरणांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. हायड्रेट तयार होऊ शकते काय, ते केव्हा तयार होईल आणि तयार झाल्यावर वाहिनी तुंबेल काय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऊष्मागतिकीचे असून ऑटोक्लेव्ह ते विश्वासार्हपणे देते. दुसरा प्रश्न गतिकीचा आहे. तेथे उपकरण बदलले की उत्तरही बदलते. तिसरा प्रश्न प्रवाहाचा असून त्याचे उत्तर लहान पात्रात मिळत नाही.

दुसऱ्या प्रश्नाची अडचण थोडी विस्ताराने पाहू. स्फटिकाचे पहिले बीज केव्हा धरेल, हे बऱ्याच अंशी यदृच्छेवर अवलंबून असते. तेच पाणी, तोच वायू आणि तेच तापमान असूनही एकदा अर्ध्या तासात, तर दुसऱ्यांदा कित्येक तासांनी हायड्रेट दिसू शकते. त्यामुळे एकाच चाचणीवरून एखादा प्रतिबंधक उत्तम ठरविणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे होय. चाचणी अनेकदा करून वेळांचे वितरण मांडावे लागते. शिवाय एकदा हायड्रेट होऊन वितळलेले पाणी पुढच्या खेपेस लवकर गोठते. यास पाण्याची स्मृती असे म्हटले जाते. म्हणून दोन चाचण्यांच्या दरम्यान नमुना पुरेसा तापवून ती पुसून टाकावी लागते. पात्राच्या भिंतीचा खडबडीतपणा, ढवळण्याचा वेग व पाण्यातील सूक्ष्म कण यांचाही परिणाम होतो. अहवालात 'हायड्रेट इतक्या वेळाने तयार झाले' एवढेच लिहिले असेल आणि उपकरण, थंड करण्याचा वेग व चाचण्यांची संख्या दिलेली नसेल, तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

प्रमाण बदलले की वर्तन कसे बदलते, याचे ठळक उदाहरण मे २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात दिसले. मॅकोंडो विहिरीची गळती रोखण्यासाठी सुमारे १५०० मीटर खोलीवर भलामोठा पोलादी घुमट उतरविण्यात आला. निसटणारा वायू व थंड समुद्रजल यांपासून त्याच्या आत हायड्रेट साचले, तेल वर नेण्याचा मार्ग बंद झाला आणि तो घुमट बाजूला ठेवावा लागला. हायड्रेट निर्माण होईल हे ऊष्मागतिकीच्या आलेखावरून सांगता येत होते, परंतु ते किती वेगाने व किती प्रमाणात साचेल, हा प्रश्न अधिक अवघड होता.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील शक्यता :

मिथेनसह उच्च दाबाचे प्रयोग सामान्य महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करू नयेत, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. ज्वालाग्राही वायू व उच्च दाब यांच्यासाठी लागणारी सुरक्षा-व्यवस्था आपल्याकडे नसते. तथापि याच विषयाचा पाया विद्यार्थ्यांना वातावरणीय दाबालाही दाखविता येतो. टेट्राहायड्रोफ्युरान, अर्थात टीएचएफ, या द्रवाचे हायड्रेट वातावरणीय दाबाला सुमारे ४.४ अंशांखाली तयार होते आणि त्याची रचना दुसऱ्या प्रकारचीच असते. वजनाने सुमारे १९ भाग टीएचएफ व ८१ भाग ऊर्ध्वपातित पाणी असे द्रावण परीक्षानळीत घेऊन ती बर्फ-पाण्याच्या पात्रात ठेवावी. या पात्राचे तापमान ० अंशाच्या आसपास राहते. नुसत्या अतिशीतनाने बीज धरण्यास बराच वेळ लागू शकतो. म्हणून थोडे द्रावण बर्फ-मिठाच्या मिश्रणात आधी गोठवून त्याचा कण काचकांडीने मुख्य नळीत सोडावा. काही वेळाने नळीत शुभ्र घन पदार्थ दिसू लागतो. टीएचएफ मिसळलेल्या पाण्याचा बर्फ होण्यास ० अंशाहून बरेच कमी तापमान लागते. त्यामुळे या तापमानाला दिसणारा घन पदार्थ बर्फ असू शकत नाही, हा युक्तिवाद विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा.

याच नळ्यांत ग्लायकॉल किंवा मीठ घालून वितळण्याचे तापमान कसे उतरते, हे साध्या तापमापीने नोंदविता येते. औषधनिर्माणात गोळ्या बांधण्यासाठी वापरले जाणारे पीव्हीपी हे बहुलक टीएचएफ हायड्रेटच्या स्फटिकांची वाढ मंदावते. औषधनिर्माणशास्त्र व रसायनशास्त्र या दोन विभागांना मिळून त्यावर प्रकल्प घेता येईल. वीस-तीस नळ्यांतील बीजधारणेच्या वेळांची नोंद संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वितरणाच्या अभ्यासासाठी देता येईल. टीएचएफ ज्वालाग्राही असून हवेच्या संपर्कात साठविल्यास त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. म्हणून ताजे रसायन अल्प प्रमाणात, ज्योतीपासून दूर, धूर-कपाटात हाताळावे आणि घरगुती शीतपेटीत ठेवू नये.

या प्रयोगाचीही मर्यादा आहे. टीएचएफ पाण्यात पूर्णपणे मिसळते, तर मिथेन अत्यल्प विरघळतो. प्रत्यक्ष वाहिनीत वायूला पाण्यात शिरण्यास लागणारा वेळ व त्याचा अडथळा या प्रयोगात दिसत नाही. ही मर्यादा विद्यार्थ्यांसमोर मांडणे हा अध्यापनाचाच भाग समजावा.

निष्कर्ष :

१. मुंबई हायसारख्या उथळ व उबदार समुद्रात हायड्रेटचा धोका मुख्यतः दाब उतरण्याच्या जागी, तर कृष्णा-गोदावरीसारख्या खोल समुद्रात संपूर्ण वाहिनीभर असतो. म्हणून उपायही भिन्न आहेत.
२. ऑटोक्लेव्ह, रॉकिंग सेल व फ्लो लूप ही उपकरणे परस्परांना पर्यायी नसून पूरक आहेत. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे.
३. बीजधारणा यदृच्छेवर अवलंबून असल्याने एका चाचणीचा आकडा निर्णयासाठी अपुरा असतो.
४. टीएचएफच्या साहाय्याने ग्रामीण महाविद्यालयातही या विषयाचे मूलभूत, आंतरविद्याशाखीय प्रयोग अल्प खर्चात करता येतात.

उपकरण महाग आहे म्हणून त्यातून मिळालेला आकडा आपोआप खरा ठरत नाही, आणि परीक्षानळी स्वस्त आहे म्हणून तिच्यातील निरीक्षण गौण ठरत नाही. कोणता प्रश्न विचारला होता व उपकरणाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले, हे ताडून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर पुढे पनवेलच्या केंद्रात किंवा एखाद्या सागरी फलाटावर काम करताना तीच त्यांच्या उपयोगी पडेल.